दाबून ठेवलेलं बळ

स्प्रिंग एकदम मोडली तर ‘खट्ट’ असा आवाज येतो, गाडी एका कोपऱ्यावर कलते आणि मालक त्याच दिवशी गॅरेज गाठतो. ती हळूहळू बसत गेली तर मात्र दोन-चार वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. सुरुवातीला पाच माणसं बसली की गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं. मग चार बसली तरी घासायला लागतं. पुढे गाडीत दोघंच असले तरी मालकाला गतिरोधकावर गाडी तिरकी काढायची सवय लागलेली असते. टायरची आतली कड झिजते, त्याचा दोष टायरला जातो. रात्री समोरचा दिवे खालीवर करून शिव्या घालतो, कारण मागच्या बाजूनं खाली बसलेल्या गाडीचा उजेड थेट त्याच्या डोळ्यांत जातो. तो दोष बल्बला जातो. लग्नसराईत सातारा किंवा सांगलीतल्या कुठल्याही मंगल कार्यालयाबाहेर उभं राहून चाक आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यातलं अंतर बघत गेलं, तर अशा बसलेल्या गाड्या शोधाव्या लागत नाहीत.

आता एक नवा प्रश्न ऐकू येतो. हे काम घरच्या घरी का करू नये? पान्यांची पेटी घरपोच येते, स्प्रिंगही घरपोच येते, आणि हातातल्या फोनवर कुणीतरी हेच काम अर्ध्या तासात करून दाखवत असतो. शेतीवर वाढलेल्या माणसाला पाना परका नसतो. विहिरीवरची मोटर, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची हुक-पिन हे सगळं तो स्वतः बघतो. मग चारचाकीच्या स्प्रिंगसाठी मिस्त्रीला मजुरी का द्यायची, असं त्याच्या मनात येणं रास्त आहे. उत्तर द्यायला बसलं की लोक आधी पैशाचा हिशेब मांडतात. माझ्या मते आधी बघायचं ते स्प्रिंग पुढची आहे की मागची. पैसा त्यानंतर येतो.

त्याआधी रस्ते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत स्प्रिंगा एकाच कारणानं जात नाहीत.

साताऱ्याकडे घाट. पुण्याहून येताना खंबाटकी, वाईहून पाचगणीला चढताना पसरणी, कासकडे जाताना यवतेश्वर, कराडहून चिपळूणला उतरताना कुंभार्ली. घाट उतरताना प्रत्येक वळणाआधी ब्रेक लागतो, गाडी नाक खाली करते आणि मागचा भार पुढच्या दोन स्प्रिंगांवर येऊन पडतो. त्यातच पाऊस. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पडतो. जांभ्याची लाल राड चाकाच्या आत उडून स्प्रिंगच्या अगदी खालच्या वेढ्यात, ती ज्या वाटीत बसते तिथं, साचून राहते. एखादा खडा उडून रंगाचा टवका निघालेला असला की ओल तिथून आत शिरते. स्प्रिंग मोडते ती बहुधा याच खालच्या वेढ्यात. म्हणूनच मोडलेला तुकडा पुष्कळदा वाटीतच पडून राहतो आणि वरून बघणाऱ्याला स्प्रिंग धडधाकट दिसते.

सांगलीकडे घाट थोडे, पण खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लाटांसारखा वरखाली होतो. तासगाव, पलूस, वाळवा, मिरज या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याला हे हाडांनी माहीत आहे. वर ऊस. दिवाळी झाली की गाळप हंगाम रंगात येतो आणि दोन-दोन ट्रॉल्यांच्या रांगा कारखान्याकडे निघतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांच्यावरून ठरावीक वजनाचे ट्रक पुन्हा पुन्हा चालवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा रस्तेबांधणीत आजही वापरतात. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण चौथ्या घातानं, म्हणजे सोळा पट होते. भारतात 2018 साली चार टायरच्या एका आसाची कायदेशीर मर्यादाच 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. ओव्हरलोड ट्रॉलीचा हिशेब त्याहून वेगळा.

मग गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच सांगितला आहे. ताशी 25 किलोमीटरनं गाडी त्याच्यावरून सुखानं जावी, हा हेतू. आपल्या गावोगावचे गतिरोधक एखाद्या अपघातानंतर रातोरात उभे राहतात आणि रुंदीला हात-दीड हात असतात. तेवढ्या रुंदीवर स्प्रिंगला दबायला आणि सावरायला उसंतच मिळत नाही. ज्या घरातलं पोर त्या रस्त्यावर गेलं त्या घराचा राग मला समजतो. पण गतिरोधक मानकाप्रमाणे बांधला असता तर वेगही कमी झाला असता आणि आजारी माणसाला घेऊन जाणाऱ्या गाडीला हिसकाही बसला नसता.

सांगलीला पुराचं वेगळंच. 2005, 2019, 2021. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती, जिथं 45 फूट ही धोक्याची पातळी आहे. त्या पाण्यात कित्येक गाड्या दिवसचे दिवस उभ्या होत्या. इंजिन उघडून साफ झालं, सीट बदलल्या, पण स्प्रिंगच्या वाटीतला आणि रबराच्या कॉलरमागचा गाळ फार थोड्यांनी काढला. असा गंज वरून दिसत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यानं या भागात आधी चाक काढून ही जागा बघावी. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या पट्ट्यात उलट आहे. तिथं स्प्रिंगा टिकतात, पण उन्हानं सांध्यांतल्या बुशांच्या रबराला चिरा पडतात.

स्प्रिंग म्हणजे खरं तर पिळलेला गज. गाडी खाली दबते तेव्हा आपल्याला स्प्रिंग आखूड झालेली दिसते, पण पोलादाच्या आत चाललेली असते ती पीळ खाण्याची क्रिया. जेवढं दाबाल तेवढ्या प्रमाणात ती उलट रेटते, हा नियम रॉबर्ट हूकनं 1678 साली छापला. छोट्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगचा हिशेब करून बघा. गज 12 मिलिमीटर जाडीचा, वेढ्याचा व्यास 12 सेंटिमीटर, काम करणारे वेढे पाच. अशी स्प्रिंग एक सेंटिमीटर दाबायला साधारण 24 किलोचा भार लागतो. पंधरा सेंटिमीटर दाबली तर ती सुमारे 360 किलोच्या जोरानं उलट रेटत असते, आणि तिच्यात साठलेली ऊर्जा दहा किलोचा घण नऊ फुटांवरून खाली सोडल्यावर होणाऱ्या तडाख्याएवढी असते. फरक एवढाच की घण येताना दिसतो.

चौथा घात इथंही आहे. स्प्रिंगचा ताठपणा गजाच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. गंजानं 12 मिलिमीटरचा गज सगळीकडे साडेअकरा झाला, तर स्प्रिंग सोळा टक्क्यांनी मऊ पडते. नखाच्या जाडीएवढं पोलाद गेलं आणि गाडी बसली. शिवाय गंज सगळीकडे सारखा कधीच खात नाही. तो एका ठिकाणी खड्डा पाडतो आणि भेग तिथून सुरू होते.

आता पुढची आणि मागची.

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे जी रचना असते ती अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याच्या नावानं ओळखली जाते. 1950 साली विलायतेतल्या फोर्ड कॉन्सल गाडीत ती आली. आपल्याकडे ती दारोदारी पोचली मारुती 800 बरोबर, डिसेंबर 1983 पासून. यात शॉकअप, त्याच्याभोवतीची स्प्रिंग आणि स्टिअरिंगबरोबर चाक वळण्याचा कणा हे सगळं एकाच खांबात असतं. जागा वाचते, खर्च वाचतो. पण स्प्रिंग त्या खांबात दाबूनच बसवलेली असते. गाडी जॅकवर उचलली, चाक हवेत लोंबलं, खांब बाहेर काढून बाकावर ठेवला, तरी ती दाबलेलीच असते. तिला धरून ठेवतो तो वरचा एक नट.

कराडजवळ महामार्गाला लागून असलेल्या एका गॅरेजमध्ये हे काम जवळून बघितलं. मिस्त्रीनं गाडी उचलून जॅकवर न ठेवता घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, टेकवली, जॅक बाजूला केला आणि गाडी हातानं हलवून बघितली. चाक निघालं. ब्रेकचा पाइप खांबावरच्या पट्टीतून सोडवला, नाहीतर पुढे सगळा भार त्याच्यावर लोंबकळतो. लिंक रॉडचा नट गंजला होता, त्यावर तेल मारून तो चहाला गेला. परत आल्यावर खालच्या दोन बोल्टांभोवती त्यानं खडूनं खूण केली, म्हणजे बसवताना चाकाचा कल शक्यतो मूळ जागी येईल. बॉनेटखालचे नट सर्वांत शेवटी, एका हातानं खांबाला आधार देऊन. खांब बाहेर आला.

पुढचं काम भिंतीला बोल्टांनी जखडलेल्या, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरवर. स्प्रिंगचे वरचे-खालचे वेढे दोन्ही बाजूंनी जबड्यात धरले आणि आटे फिरत गेले तसतशी ती आखडत गेली. कॉम्प्रेसरला त्यानं हवेची गन लावली नाही, हातानंच फिरवला. दर थोड्या वेळानं थांबून तो स्प्रिंग पंज्यानं हलवून बघत होता. ती वाटीतून सुटी होऊन खुळखुळली, तेव्हाच त्याचा पाना वरच्या नटकडे गेला. तेव्हाही तो खांबाच्या समोर नव्हता, बाजूला होता. चेहरा त्या नटच्या रेषेत न्यायचा नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. नट निघाला आणि काहीच झालं नाही. या कामात काहीच न होणं हीच कारागिरी आहे.

घरी काय होतं? घरी मिळतो तो दोन सुट्या दांड्यांचा कॉम्प्रेसर, आकडे लावलेला. तो समोरासमोर अचूक लावावा लागतो. दोन्ही दांडे आळीपाळीनं, थोडे थोडे फिरवावे लागतात. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग केळीसारखी वाकते आणि आकडा तिरक्या वेढ्यावरून सरकायला बघतो. स्वस्त मालाचे आटे दोन-चार वापरांत झिजतात, आणि ते झिजल्याचं कळतं ते साडेतीनशे किलोचा जोर त्यांच्यावर असताना. कॉम्प्रेसर न लावता वरचा नट सोडणाऱ्यांचं तर विचारूच नका. डोळे, जबडा, मनगट यांच्या बदल्यात एका बाजूची मजुरी वाचते, आणि या भागातल्या साध्या गॅरेजात ती मजुरी अजून शेकड्यांत आहे. विलायतेत किंवा अमेरिकेत मिस्त्रीचा एक तास एवढा महाग असतो की हत्यार विकत घेऊन काम स्वतः केलेलं परवडतं. आपल्याकडे चांगला कॉम्प्रेसर, दोन घोड्या आणि मोजून आवळणारा टॉर्क पाना घेतला तर त्या पैशात गॅरेजवाला पुढच्या दोन्ही स्प्रिंगा एकापेक्षा जास्त वेळा बदलून देईल. तिथला हिशेब इथं तसाच्या तसा लागत नाही.

मागच्या स्प्रिंगचं मात्र तसं नाही, आणि तिथं मी घरी काम करणाऱ्याच्या बाजूनं आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत मागे एक आडवा तुळईसारखा आस असतो. स्प्रिंग त्याच्यावर वेगळी बसलेली असते आणि शॉकअप वेगळा. गाडीचं अंग दोन घोड्यांवर टेकवायचं. आसाखाली दुसरा जॅक लावून तो किंचित उचलून धरायचा. दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि जॅक हळूहळू खाली सोडायचा. आस खाली येतो तशी स्प्रिंग मोकळी होते आणि शेवटी हातानं उचलून बाहेर घेता येते. इथं स्प्रिंगमधलं बळ जॅकनं मुकाट्यानं काढून घेतलेलं असतं. ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, एवढ्यावर कुणीतरी दुसऱ्यानं डोळा ठेवायचा. नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक रबराच्या वाटीतल्या खाचेत नेमकं आलं पाहिजे. एकच मोडली असली तरी दोन्ही बदलायच्या, नाहीतर गाडी एका बाजूला झुकते.

दोन गोष्टी मात्र फोनवरच्या त्या माणसानं बहुधा सांगितलेल्या नसतात. आपल्या वाड्यात, गोठ्यासमोर किंवा शेताच्या कडेला जमीन शेणामातीची असते. काळ्या मातीत घोडीचा पाय बघता बघता रुततो. खाली जाड फळी किंवा फरशी हवीच, आणि पावसाळ्यात हे काम उघड्यावर करूच नये. दुसरी गोष्ट बुशांची. ज्या बोल्टांमध्ये रबराचा बुश आहे ते शेवटचे आवळायचे, गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. चाकं लोंबत असतानाच करकचून आवळले तर गाडी खाली आल्यापासून ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. हे गॅरेजमध्येही कितीतरी ठिकाणी चुकतं. गाडी जॅकवर असतानाच सगळं आवळून चाक मारलं की काम झाल्यासारखं वाटतं.

निदान तर प्रत्येकानं घरीच करावं. त्याला पानाही लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. सपाट फरशीवर रिकामी गाडी उभी करायची, चारी टायरांत हवा सारखी असू द्यायची आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर चारी कोपऱ्यांत मोजून लिहून ठेवायचं. डाव्या-उजव्यात एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंगकडे संशयानं बघायचं. फरक नसेल आणि तरी पुढून खडखड येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड, बुश किंवा वरचं माउंटिंग गेलेलं असतं. ‘स्प्रिंग नव्हं दादा, लिंक रॉड गेलाय’ असं सांगणारा मिस्त्री भेटला की त्याचा नंबर जपून ठेवावा, कारण त्यानं आपलं मोठं काम घालवून तुमचे पैसे वाचवलेले असतात.

स्प्रिंग विकत घेताना तिच्यावरच्या रंगाच्या ठिपक्यांकडे बघा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीची पुढची स्प्रिंग सारखी नसते, कारण डिझेल इंजिन जड. ठिपके त्याची ओळख सांगतात. पेट्रोलची डिझेलला बसते, घट्टही बसते, आणि पहिल्याच दिवसापासून गाडीचं नाक खाली राहतं. सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्कं बिल टाळून लोकल माल घेण्याचा मोह थोडा तरी कमी व्हायला हरकत नाही.

पाट्यांची, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांची, दुनिया याहून वेगळी. पिकअप, टेम्पो, ट्रक, एसटी, आणि बोलेरोचंही मागचं अंग पाट्यांवरच असतं. महामार्गाच्या कडेला, मिरजेत, कराडात, सातारच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना पाटेवाल्याचं दुकान लांबूनच कळतं. बाहेर भिंतीला टेकून काळे पाटे लांबीप्रमाणे लावलेले, आत भट्टी, आणि जमीन लोखंडाच्या किटानं काळी झालेली. यू बोल्ट सुटतात, मधला सेंटर बोल्ट निघतो आणि एकमेकांवर बसलेले पाटे सुटे होतात. मेन पाट्याच्या टोकाला डोळा असतो, त्यात बुश आणि पिन. मोडलेला पाटा बदलायचा आणि बसलेल्याला पुन्हा बाक चढवायचा. चांगला कारागीर तो लाल करून साच्यावर वाकवतो, तेलात विझवतो आणि पुन्हा बेतानं गरम करून त्याचा ठिसूळपणा काढतो. घाईतला कारागीर थंडच ठोकून बाक देतो. असा पाटा दिसायला बरोबर येतो आणि उसाच्या पहिल्या हंगामात परत बसतो. ट्रकवाले दोन्ही प्रकारचे कारागीर ओळखून असतात. हे काम घरी करण्याचा विचार कुणी करत नाही, भट्टी समोर दिसत असते म्हणून. पुढच्या स्प्रिंगमधला धोका तेवढाच असतो, फक्त तो पेटलेला दिसत नाही.

पाटा मोडला म्हणून वाया जात नाही. कार्बन साधारण अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज असलेलं हे पोलाद विझवलं की कडक होतं आणि धार धरून ठेवतं. म्हणून लोहारांचा आणि रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्यांचा पहिला डोळा जुन्या पाट्यावर असतो. त्यातून कुऱ्हाड निघते, विळा निघतो, आणि कोयता निघतो. बीडहून आलेल्या ऊसतोड मजुराच्या हातातल्या त्या कोयत्यानं तोडलेला ऊस ज्या ट्रॉलीत भरतात, ती ट्रॉली पुन्हा एखाद्या गाडीचा पाटा मोडणारा रस्ता घडवत निघालेली असते.

लोहाराच्या हाताबद्दल बोलताना देवराष्ट्र्याला जावंच लागतं. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात. 1913 साली यशवंतराव चव्हाण याच गावात जन्मले. डिसेंबर 2021 मध्ये हे गाव देशभर पुन्हा गाजलं ते दत्तात्रय लोहार यांच्यामुळे. मुलाची हौस पुरी करण्यासाठी त्यांनी भंगारातल्या भागांतून एक छोटी जीप उभी केली होती. खर्च सुमारे 60 हजार रुपये, आणि दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचं जाहीर कौतुक केलं, त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल, हेही स्पष्ट लिहिलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती बोलेरो लोहार कुटुंबाच्या दारात आली.

मला यात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. हा मुलूख हातानं करून बघणाऱ्यांचा आहे. देवराष्ट्र्यापासून जवळच पलूस तालुक्यात 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर कारखाना आणि वसाहत वसवली, ते मूळचे सायकलींच्या दुकानातून पुढे आलेले. साताऱ्यात धनजीशा कूपरांनी 1922 मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून पुढे डिझेल इंजिनं निघाली. साताऱ्यातच 1975 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या प्रिया स्कूटरनं किती घरांना पहिलं दुचाकीचं सुख दिलं. या परंपरेचा मला अभिमान आहे. पण त्या सगळ्यांनी बनवलेल्या वस्तू विकण्याआधी तपासल्या जात होत्या. रस्त्यावरची गाडी तिच्या मालकापुरती नसते. समोरून येणाऱ्या शाळेच्या रिक्षालाही तिच्या स्प्रिंगशी देणंघेणं असतं.

म्हणून स्प्रिंग कापण्याबद्दल थोडं कडक बोलतो. गाडी खाली, रुबाबदार दिसावी म्हणून ग्राइंडरनं एक वेढा उडवून देण्याची टूम तरुण पोरांत आहे. पाचातला एक वेढा गेला की उरलेली स्प्रिंग पंचवीस टक्क्यांनी ताठ होते, पण तिला दबायला जागाच राहत नाही. कापलेलं टोक वाटीच्या खाचेत बसत नाही. ग्राइंडरच्या उष्णतेनं तिथला कडकपणा बिघडतो. उलटं टोक म्हणजे बसलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचा बफर कोंबणं. बफरनं गाडी वर येते, पण बफर बसलेले वेढे काम करायचे थांबतात आणि त्यांच्या वाटणीचा पीळ उरलेल्यांवर पडतो. म्हातारी स्प्रिंग लवकर मोडण्याचा तो रस्ता आहे. कायद्यानं बघायचं तर, आहे त्याच मापाची स्प्रिंग बदलणं ही दुरुस्ती. कंपनीनं ठरवलेल्या मापाबाहेर जाणं हा बदल, आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. एमएच 10, एमएच 11, एमएच 50, पाटी कुठलीही असो. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेअरला कापलेली स्प्रिंग दिसली तर पुढचा वाद वेगळाच.

गॅरेजला पैसे दिले म्हणजे काम सुरक्षित झालं, असंही नाही. काही ठिकाणी अजून स्प्रिंग तारेनं किंवा साखळीनं आवळून वरचा नट काढतात. काही ठिकाणी दोघं तिच्यावर भार देऊन उभे राहतात. आणि सर्वांत वाईट, ती साखळी धरायला शेजारी उभं असतं ते शाळा सुटलेलं पोर. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला, मोजके अपवाद सोडले तर, 2016 पासून बंदी आहे आणि अठरापर्यंतच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथून शिकून आलेल्या पोरांना गॅरेजमध्ये नीट पगार मिळायचा असेल तर गिऱ्हाइकानं मजुरीत घासाघीस करताना कुठं थांबायचं ते ठरवावं लागेल. शंभर-दोनशे रुपये कमी घेणारा मिस्त्री ते बहुतेक वेळा हत्यारातून किंवा पोराच्या अंगातून वाचवत असतो.

यातला मधला मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो आणि तो फार कमी लोक वापरतात. हौस असेल, जागा असेल, घोड्या असतील, तर पुढचा खांब स्प्रिंगसकट घरीच सोडवा. गाडीवरून तो काढणं हे नट-बोल्टांचं काम आहे, त्यात साठलेल्या बळाला हात लागत नाही, फक्त वरचा मधला नट ओळखून त्याला शिवायचं नाही. मग तो खांब पोत्यात घालून गॅरेजला न्या. कॉम्प्रेसरवर स्प्रिंग बदलून घ्या. शॉकअप ओला झालेला असेल, वरचं बेअरिंग कचकचत असेल तर ते त्याच वेळी बदला, पुन्हा तीच मजुरी देण्यापेक्षा. घरी आणून बसवा आणि दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून घ्या, कारण खडूची खूण कितीही नेमकी असली तरी चाकाचा कोन यंत्रावरच कळतो.

आणि गॅरेजमध्येच सगळं करून घ्यायचं असेल, तर गाडी देण्याआधी कॉम्प्रेसर बघायला मागा. जुन्या स्प्रिंगा डिकीत परत ठेवायला सांगा, म्हणजे बदलल्या की नाही तेही कळेल आणि कुठल्या वेढ्यात गंज होता तेही दिसेल. निघताना टेप काढून चारी कोपऱ्यांची मापं पुन्हा घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा. चांगला मिस्त्री याचा राग मानत नाही. तो उलट टेपचं दुसरं टोक धरतो.